गिलावा कधी करणार?

आपल्याकडे घराच्या बाहेरच्या भिंतीची वीट दिसत असेल, तर तिचा अर्थ एकच लावण्यात येतो : घर उभे राहिले आणि मालक खाली बसला. ‘घर पाहावे बांधून’ म्हणणाऱ्या समाजाला अर्धवट राहिलेली घरे चांगली ओळखता येतात, आणि बिनगिलाव्याची भिंत हे त्याचे सर्वमान्य लक्षण होय. बेलापूरला, पारसिकच्या डोंगराच्या बाजूला असलेल्या आमच्या रो-हाऊससमोर जो कोणी प्रथमच येतो, तो आधी भिंतीकडे पाहतो, मग माझ्याकडे पाहतो आणि मग प्रकृतीची चौकशी करावी अशा आवाजात विचारतो, “गिलावा कधी करणार?”

वस्तुतः ही भिंत अर्धवट राहिलेली नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, नवी मुंबईत माणसांपेक्षा सिडकोच्या पाट्या अधिक होत्या त्या काळात, वडिलांनी हे घर बांधले तेव्हा दर्शनी भिंत त्यांनी हट्टाने विटेची ठेवली. भट्टीवरून आलेल्या मालातून सरळ कडांच्या, एकसारख्या भाजलेल्या विटा त्यांनी स्वतः निवडून काढल्या. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज आला तरच ती जोडी गवंड्याच्या हाती जाई आणि बद्द आवाज काढणाऱ्या विटेची रवानगी मागच्या मोरीच्या भिंतीत होई. नातेवाइकांनी तेव्हाही गिलाव्याची चौकशी केली होती. “करायचा नाही,” असे वडील सांगत आणि लोक ते “करता येत नाही” असे ऐकत. एका मामांनी तर जाताना आईच्या हातात पाकीट ठेवले होते. ते परत करताना जो प्रसंग उद्भवला, त्याचे वर्णन आमच्या घरात आजही दोन निरनिराळ्या प्रकारे करण्यात येते.

इतकी वर्षे हा प्रश्न केवळ सहानुभूतीच्या पातळीवर होता. यंदा सोसायटीने संपूर्ण ओळीला बाहेरून रंग देण्याचे ठरवले, कंत्राटदार नेमला, बांबूंच्या परांच्या येऊन पडल्या आणि प्रत्येक घरमालकाने आपला निर्णय लेखी कळवावा, अशी सूचना फलकावर लागली. ओळीतील इतर सर्व घरे गिलाव्याची असल्यामुळे त्यांना फक्त रंग ठरवायचा होता. आम्हाला मात्र रंग द्यायचा की नाही, येथपासून सुरुवात करायची होती. आणि ज्या घरात रात्रीच्या जेवणाला भात करायचा की खिचडी हा विषय संध्याकाळी सातपर्यंत खुला असतो, तेथे असा प्रश्न विचारणे अमानुष आहे.

पत्नीचे मत रंगाच्या बाजूने होते आणि ते निराधार नव्हते. खाणींची आणि बांधकामांची धूळ विटेच्या खरबरीत अंगावर बसते, ती फडक्याने पुसता येत नाही. पावसाळ्यात छज्जाखाली शेवाळाचे हिरवे ओघळ उतरतात आणि उन्हाळ्यात ते वाळून काळे पडतात. शिवाय दोन्ही बाजूंची घरे बिस्किटी रंगाची झाल्यावर मध्ये आमचे घर कसे दिसेल, हे तिने एका वाक्यात सांगितले : “अहो, ओळीत आपणच तेवढे कर्जबाजारी दिसू.” वडिलांना विचारले, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता “तुमचं घर आहे, तुम्ही ठरवा” असे उत्तर दिले. मराठी घरात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही की, नकाराधिकार वापरण्याची याहून कडक पद्धत अस्तित्वात नाही.

कंत्राटदार येऊन भिंतीवर नख ओढून गेला. “प्रायमर मारायचा, वर दोन हात द्यायचे, सात वर्षं बघायला नको,” असे त्याने सांगितले. सात वर्षांनंतर काय करायचे, असे विचारल्यावर “परत दोन हात” असे उत्तर मिळाले, आणि या व्यवहाराचे खरे स्वरूप तेथेच माझ्या ध्यानात आले. न रंगवलेल्या विटेला रंगाचा खर्च नसतो. एकदा रंगवलेली वीट दर काही वर्षांनी तो मागत राहते. तिला पूर्वपदावर आणणेही सोपे नाही. वाळूचा मारा करून रंग काढू गेल्यास भट्टीत कडक झालेली विटेची वरची कातडी त्याबरोबर निघून येते आणि आतला मऊ, पाणी पिणारा गाभा उघडा पडतो. विटेला रंग देणे हे आजीच्या हातावरच्या गोंदणासारखे असते : हौस एका दुपारची, पण सोबत जन्माची.

शेजारचे काका या विषयातही तज्ज्ञ निघाले. त्यांनी अमेरिकेतील रंगवलेल्या विटांच्या बंगल्यांच्या चित्रफिती मला पाठवण्याचा सपाटाच लावला. त्यांतील अर्ध्या लोकांनी लाल घरे पांढरीशुभ्र केली होती आणि उरलेले अर्धे त्याबद्दल रडत होते. रडणाऱ्यांचे मुख्य कारण असे की, रंगाच्या आड विटेत अडकलेले पाणी हिवाळ्यात गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि विटेचे तोंड फोडून बाहेर पडते. काकांचा निष्कर्ष तत्काळ तयार होता : “बेलापूरला बर्फ पडत नाही. तेव्हा बिनधास्त मारा रंग!”

बर्फ पडत नाही, हे मान्य. पण येथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, खाडीवरून खारा वारा येतो आणि बर्फाचे काम येथे मीठ करते. विटेतील, सांध्यातील आणि हवेतील क्षार पाण्यात विरघळून भिंतीत हिंडतात आणि पाणी जेथे वाळते तेथे त्यांचे स्फटिक होतात. भिंत उघडी असेल तर पांढरी भुकटी बाहेर दिसते. तिला लोणा म्हणतात आणि ती कोरड्या ब्रशने झाडता येते. भिंतीवर रंगाचा घट्ट पापुद्रा असेल, तर तेच स्फटिक पापुद्र्यामागे साठतात आणि त्याला ढकलत राहतात. मग पोपडे धरतात आणि त्याबरोबर विटेची पूडही गळू लागते. रंग अखंड असेपर्यंत पावसाला अडवतो, हे मी काकांना मोकळेपणाने मान्य केले. मात्र आमच्या भागात ‘अखंड’ हे विशेषण रंगाला किती पावसाळे लावता येते, हे त्यांच्याच पश्चिमेकडच्या भिंतीवर पाहण्यास मिळते, हे शेजारधर्मास्तव बोललो नाही.

वीट किती पाणी पिते, हे कळल्यावर तर मला तिच्याविषयी वेगळाच आदर वाटू लागला. भाजलेल्या मातीच्या साध्या विटेसाठी भारतीय मानक १०७७ आहे. चोवीस तास पाण्यात बुडवल्यावर विटेने वजनाच्या वीस टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये, असे ते सांगते. म्हणजे तीन किलोची वीट अर्ध्या लिटरहून अधिक पाणी पिऊनही मानकात उत्तीर्ण होते. अशा हजारो विटांची भिंत जुलै महिन्यात काय करत असेल याचा विचार मनात आल्यापासून पावसात तिच्याकडे पाहण्याचे माझे धाडस होत नाही.

अखेर भिंतीलाच विचारावे, म्हणून मी एका रविवारी शिडी लावून तिची पाहणी केली. छज्जाच्या ज्या कोपऱ्यातून पागोळी थेट भिंतीवर पडत होती, त्याच्या खालच्या चार-पाच विटा अंगठ्याने घासताच लाल पूड हातात येत होती, आणि दोन विटांमधला सांधा इतका झिजला होता की घराची किल्ली त्यात मुठीपर्यंत शिरली. त्या फटीत एका कोळ्याने बिऱ्हाडही थाटले होते. पण तेथून हातभर बाजूला सरकल्यावर वीट जशीच्या तशी होती : कडा शाबूत, अंग कडक, किल्लीने टिचकी मारली तर आवाज खणखणीत. रोग सबंध भिंतीला नव्हता, एका फुटक्या पन्हळीला होता. सगळ्याच विटा अशा मऊ पडलेल्या असत्या, तर मी निमूटपणे गिलावा करून घेतला असता आणि नातेवाइकांना पेढे वाटले असते.

त्यानंतर प्लॅस्टिकचा प्रयोग झाला. भिंतीवर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमतात का हे पाहायचे, इतकाच हा प्रयोग आहे. धुळीमुळे चिकटपट्टी चिकटेना, म्हणून आधी भिंत झाडावी लागली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घराला कसले सील लागले, अशी चौकशी केली. एकाने तर बँकेचे नावही विचारले. सकाळी प्लॅस्टिकच्या आत दहिवर साचले होते. पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, तड्यातून आणि सांध्यांतून शिरलेले पाणी भिंतीतून बाहेर पडत होते, आणि बाहेर पडण्याची त्याची वाट नेमकी तीच होती, जी दोन हात रंगाने बुजणार होती.

याच सुमारास वास्तुरचना शिकणारी माझी भाची येऊन थडकली आणि वादाला एकदम विद्वत्तेची उंची प्राप्त झाली. “मामा, लॉरी बेकर आठवा,” ती म्हणाली. मला ते आठवण्याचे कारण नव्हते, तेव्हा तिनेच सांगितले की, १९१७ साली इंग्लंडात जन्मलेल्या आणि केरळात स्थायिक झालेल्या या वास्तुविशारदाने तिरुवनंतपुरमला तेथल्या धो-धो पावसात असंख्य घरे विटेची, बिनगिलाव्याची बांधली, कारण गिलावा आणि रंग यांवरचा खर्च त्यांना अनावश्यक वाटत असे. पुढे त्यांना पद्मश्रीही मिळाली. माझी पत्नीही काही कमी नाही. तिने बेलापूरच्याच आर्टिस्ट्स व्हिलेजचा दाखला काढला. चार्ल्स कोरिया यांनी ती वसाहत आखताना राहणाऱ्यांनी आपल्या गरजेप्रमाणे घर वाढवावे, बदलावे, असेच योजले होते. मग कोरियांना चालते ते तुझ्या मामांना का चालत नाही, असा तिचा प्रश्न होता. बेकर विरुद्ध कोरिया हा सामना आमच्या दिवाणखान्यात चहाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत चालला. शेवटी भाचीने ठेवणीतला मुद्दा काढला : हल्ली लोक चांगल्या गिलाव्यावर विटेसारख्या दिसणाऱ्या टाइल्स चौरस फुटाच्या भावाने विकत आणून चिकटवतात आणि तुम्ही खरी वीट झाकायला पैसे देताय. वडिलांनी यावर प्रथमच वर्तमानपत्र खाली ठेवले.

तरीही निकाल लागला तो बेकरमुळे नाही, मानकामुळे नाही आणि टाइल्समुळेही नाही. बाहेरचा मार्ग बंद झाल्यावर भिंतीतली ओल कोठे जाईल, असे पत्नीने सहज विचारले आणि मी सहज उत्तर दिले की, आतल्या बाजूला. आतल्या बाजूला त्या भिंतीला लागून तिचे लाकडी कपाट आहे आणि कपाटात लग्नातला शालू आणि दोन पैठण्या आहेत. बुरशी हा शब्द मी उच्चारलादेखील नाही. “मग राहू दे तशीच,” असे म्हणून ती उठली आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून घेतले.

रंग नाही म्हणजे काम नाही, असे मात्र झाले नाही. पन्हळ बदलायची, पॅरापेटचा तडा बुजवायचा, मऊ पडलेल्या विटा काढून तेथे नव्या बसवायच्या आणि झिजलेल्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, उकरून पुन्हा भरायच्या, असे ठरले. गवंड्याने सिमेंट भरपूर टाकण्याचे उदार आश्वासन दिले, “दगडासारखं होईल, साहेब.” ते दगडासारखे होऊ नये, हे त्याला पटवताना मात्र घाम फुटला. दरजा विटेपेक्षा कडक झाली तर ओल आणि ताण दोन्ही विटेच्या वाट्याला येतात आणि झिजायची वेळ दरजेऐवजी विटेवर येते. म्हणून एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग रेती असे मिश्रण त्याला सांगितले. चुन्याचे नाव काढल्यावर त्याने माझ्याकडे पेशवाईतून आल्यासारखे पाहिले. सबंध भिंतीलाच चुन्याची सफेदी द्यावी, असाही एक विचार मध्यंतरी डोकावून गेला, कारण चुन्यातून वाफ बाहेर जाऊ शकते. पण कोकणचा पाऊस ती धुऊन नेतो आणि ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते, एवढे कळल्यावर तो विचार आल्या वाटेने परत गेला.

भिंत पुरती वाळली की, म्हणजे दिवाळी उलटून थंडी पडल्यावर, तिच्यावर सायलेन या रसायनाचा पारदर्शक लेप द्यायचा आहे. हा लेप विटेच्या छिद्रांत शिरतो, वरून पडणारे पाणी आत येऊ देत नाही, पण वाफेला बाहेर जाऊ देतो आणि विटेचा रंग बदलत नाही. हा शेवटचा गुण कंत्राटदाराने अभिमानाने सांगितला आणि तेथेच घोटाळा झाला.

“म्हणजे लावल्यावर काही दिसणारच नाही?” पत्नीने विचारले.

“काहीच नाही, वहिनी. जशीच्या तशी.”

“मग लावलाय हे कळणार कसं?”

“पुढच्या पावसाळ्यात कळेल.”

पैसे आता द्यायचे आणि कळायचे जूनमध्ये, हा व्यवहार तिने अद्याप मंजूर केलेला नाही. सोसायटीला लेखी उत्तर मात्र गेले आहे : वीट तशीच राहील, फाटक, छज्जा आणि खिडक्यांच्या पट्ट्या यांना ओळीप्रमाणे बिस्किटी रंग द्यावा. त्यावर कंत्राटदाराने शेडकार्ड पाठवले असून त्यात बिस्किटी रंगाच्या अकरा छटा आहेत, आणि वडिलांनी त्यांतली कोणतीही घ्या, असे सांगितले आहे.