डेअरी एकट्या चेअरमनने बुडत नसते, आपणही हात लावा

गावात सहकार वाढला, चार पोरांनी धंदे टाकले, बायकांच्या हातात पैसा खेळायला लागला की गाव सुधारतं म्हणे. फार धोक्याचं आहे हे. पोरं गावातच राहायला लागली तर पारावर बसायला जागा पुरायची नाही. म्हणून वेळीच बंदोबस्त केलेला बरा. परवा आमच्या दूध संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा पार पडली (पार आडवीच पडली), तिथून ताजं ताजं शिकून आलोय, फुकटात सांगतो.

पहिला सल्ला. नोटीस वाचू नका. सभेच्या आधी १४ दिवस नोटीस द्यायची असते, ती संस्था देतेच, ऑफिसात कपाटाच्या मागच्या भिंतीला लावते, पालीबिलींनी वाचलेली असते. घरी अहवाल आला तर फोटो बघा, कुणाच्या अंगावर शाल आहे ते बघा, आणि ताळेबंदाचं पान भजी ठेवायला काढून घ्या, तेल चांगलं शोषतं.

दुसरा. सभेला मात्र जा, गिफ्ट असते.

तिसरा. सभा ११ ची असेल तर पावणेबाराला जा. ११ ला कोरम (सभेला लागणारी कमीत कमी हजेरी) नसतोच, मग सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच मांडवात, त्याच खुर्च्यांवर परत भरते, आणि या दुसऱ्या सभेला कोरम लागत नाही. कुणी आलं नाही की सभा अडेल असं भाबड्या माणसाला वाटतं. अहो, कुणी येत नाही म्हणून तर ती इतकी सुरळीत चालते.

यंदा मागं मोठा फ्लेक्स होता, ‘आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष २०२५’. खाली अकरा फोटो, त्यातले सहा एकाच आडनावाचे. चेअरमनसाहेबांनी सुरुवात नेहमीप्रमाणे प्रवरानगरपासून केली. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून शेअर्स कसे गोळा करत होते, धनंजयराव गाडगिळांसारखा मोठा अर्थशास्त्रज्ञ खेड्यातल्या सहकारी साखर कारखान्याचा चेअरमन कसा झाला, १९५० साली धुराडं कसं पेटलं. खोटं काही नाही त्यात. मला पाठ आहे, दरवर्षी ऐकतो. आणि भाषण संपल्या संपल्या विषयपत्रिका हातात घेऊन एका दमात १ ते ९. मी मोबाईलवर टाइम लावला होता, नऊ विषय साडेचार मिनिटांत. विषय वाचून व्हायच्या आत मागून ‘मंजूर!’ यायचं. सातवा विषय वाचायलाच विसरले, तोही मंजूर झाला.

आता चौथा सल्ला, हा नीट ऐका. प्रश्न विचारू नका. मी विचारला म्हणून सांगतोय. प्रश्न साधा होता. आमच्या डेअरीतला काटा शंभर मिलीच्या पटीत आकडा दाखवतो. म्हणजे मी ५ लिटर ९० मिली दूध घातलं तरी पावतीवर ५.० येतं, वरचे ९० मिली देवाला. काट्यात दहा मिलीचं सेटिंग असतं, बटण दाबलं की होतं, शेजारच्या गावात केलंय. बरं एका वेळेला जातं किती? कधी १०, कधी ९०, सरासरी ४५ मिली धरा. सकाळ संध्याकाळ मिळून ९०. वर्षाला झालं ३२ लिटर ८५० मिली. आमच्यात रोज दूध घालणारे सभासद २१०. गुणा. जवळजवळ ६,९०० लिटर. ३२ रुपयांचा भाव धरला तर सव्वादोन लाखाला थोडे कमी. हे दूध आटत नाही, मांजरही पीत नाही, वर संघाच्या टँकरमध्ये तर ते मोजून जातं, मग मधे ते कुणाच्या खात्यावर जमा होतं एवढंच विचारलं हो मी. आणि दिवाळीला संस्था जो दराचा फरक वाटते त्यात ते धरलंय का, हा पोटप्रश्न.

मांडवात एकदम शांतता. चेअरमन हसले, म्हणाले, मशीन कंपनीचं आहे, आम्ही काय घरी बनवलंय का, तुम्ही असं करा, ऑफिसला या, चहा घेऊ, निवांत बोलू. मी म्हटलं चहा नको, इथंच बोला, तर मागून आवाज आला, ‘ओ बसा की खाली, जेवायचं थांबलंय!’ आवाज कुणाचा? माझ्या चुलत भावाचा. जो रोज सकाळी डेअरीतून येताना माझ्याच दारात सायकल लावून ‘काटा मारतेत राव, काटा मारतेत’ म्हणून अर्धा तास रडतो. त्यानंच पहिला ‘मंजूर’ ठोकला, त्याच्यामागं सगळ्यांनी. मग भात, आमटी, जिलेबी आणि पिशवी. पिशवीवर चेअरमनचा फोटो. बाजारात साठ रुपयाला मिळते तसली. हजार रुपयाचं दूध देऊन साठ रुपयाची पिशवी घेतली आणि लोक पिशवीच्या शिलाईत खोट काढत होते, आमची उसवलीय, बदलून द्या म्हणून टेबलापाशी भांडण! काट्यासाठी एवढं भांडला असता तर, जाऊ दे.

दुधाचा भाव फॅटवर ठरतो, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या गाईच्या दुधाला फॅट २.९ लागलं. आदल्या दिवशी ३.७ होतं. गाय तीच, वैरण तीच, बादली तीच. गाईलाही सभेतलं माझं बोलणं पटलं नसावं.

पाचवा सल्ला, अभ्यास दौरा काढा. आदर्श गाव हिवरे बाजार बघायला जा, शिर्डी करून या.

सहावा, शेतकरी उत्पादक कंपनी काढा. दहा उत्पादक लागतात, घरातच भरतात. काय उत्पादन केलं असं कुणी विचारलं तर बोर्ड दाखवा, बोर्ड तर केलाय ना.

पुढचा सल्ला गावातल्या धंदेवाल्यांबद्दल. नंबर विसरलो. आमच्या आळीतल्या एका पोरानं कर्ज काढून लाकडी घाणा टाकलाय. केंद्राची प्रक्रिया उद्योगाची स्कीम आहे, ३५ टक्के सबसिडी, पण बाकीचं कर्ज फेडायचंच असतं हे गावाला मान्य नाही, गावाच्या हिशोबानं ‘त्याला सरकारनं फुकट दिलंय’. त्याच्याकडं शेंगतेल घ्यायला जा, भाव विचारा, ‘एवढं?’ म्हणा, वास घ्या, बोट बुडवून चाटा, आणि तालुक्याला जाऊन पाऊच घेऊन या. घेतलंच तर उधार घ्या. मागायला आला तर ‘गावातला असून पैसे मागतो’ असं चारचौघांत बोला. बचत गटाच्या बायकांनी शेवया केल्या की लिज्जतचं उदाहरण द्या, सात बायका, ८० रुपये उसने, १९५९ साल, आणि हे सगळं सांगून झाल्यावर शेवयांचं पाकीट चव बघायला म्हणून फुकट न्या. आमच्या वहिनींनी यंदा चाळीस पाकिटं केली होती. एकवीस चवीत गेली.

असं सगळं नीट पाळलं तर पाच वर्षांत संस्था अवसायनात (म्हणजे मोडीत) जाते, घाणा भंगारात जातो आणि पोरगं पुण्याला डिलिव्हरीच्या नोकरीला जातं. मग आपण पारावर बसून म्हणायला मोकळे, सहकार संपला राव, नेत्यांनी खाल्ला.

नेत्यांनी खाल्ला. आणि वाढला कुणी?

बास झालं आता, मस्करी राहू दे. मला चेअरमनचा राग नाही एवढा. तो त्याचं काम करतो. मला राग आपला आहे. १९४६ साली गुजरातमधे खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी पॉल्सन या खासगी डेअरीच्या मक्तेदारीला वैतागून पंधरा दिवस दूध घातलं नाही. पंधरा दिवस! शिकलेली नव्हती माणसं, घरात पैसा नव्हता, दूध खराब होत होतं तरी घातलं नाही, तेव्हा तो अमूलचा संघ उभा राहिला. आणि आपल्याला अर्धा तास जिलेबी थांबवता येत नाही? दहा मिलीच्या बटणासाठी हात वर करता येत नाही? संस्था तुमची आहे रे, शेअर तुमच्या बापानं घेतलाय, चेअरमन मालक नाही तिथला, दर पाच वर्षांनी तुम्हीच बिनविरोध करून बसवता कारण निवडणूक लागली की खर्च होतो आणि भाऊबंदकीत वाईटपणा येतो. वाईटपणा नको म्हणून रोज ९० मिली सोडता, म्हाताऱ्या आईला चहाला दूध कमी करता आणि काट्यावर हसत पावती घेता. लाज वाटत नाही का? मला वाटली, म्हणून लिहितोय, मीपण आजवर पंधरा सभांना ‘मंजूर’ म्हणूनच घरी आलोय.

सहकार कायद्यात कलम ३२ आहे, सभासदाला संस्थेची कागदपत्रं बघता येतात, उपकार नाहीत, हक्क आहे. त्याचा अर्ज मी केलाय. काट्याची तक्रार वजनमापवाल्यांकडं वेगळी लिहिलीय. दोन्ही माझ्या घरी टीव्हीच्या शेजारी ठेवलेत. सात सह्या झाल्या होत्या, त्यातल्या दोघांनी रात्री येऊन खोडल्या, एक चुलत भावाची होती. आता पाच आहेत. संध्याकाळी धारा झाल्यावर मी घरीच असतो. येताना पेन घेऊन या, माझं कुणीतरी नेलंय.