‘परदेशात एक वीट न घेतलेल्यांनी...’: एका प्रतिक्रियेला उत्तर

भारतात राहून दुबईतला फ्लॅट पर्यटकांना भाड्याने देणाऱ्यांवर कोणत्या जबाबदाऱ्या येतात, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. आपलं म्हणणं असं, की दुबईत इन्कम टॅक्स नाही आणि भारताचा यूएईशी दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, तेव्हा ते भाडं इथे दाखवायची गरज नाही. आपले मेहुणे वर्षानुवर्षं दाखवत नाहीत. आणि हॉलिडे होमचं भाडं ‘घरभाडं’ की ‘धंदा’, हे मी लिहिलेलं नाही. या सगळ्याच्या आधी मात्र एक वाक्य आहे: “ज्यांनी परदेशात कधी एक वीट घेतली नाही, त्यांनी आम्हाला कायदे शिकवू नयेत.”

लेखाच्या शीर्षकातला ‘सावधान!’ जरा भडक वाटतो, हे मान्य. आजच काढून टाकला. पण हे वाक्य मी सोडून देणार नाही.

माझी उमेदीची वर्षं बर दुबईत हिशेबाच्या कामात गेली. जुमेरा व्हिलेज सर्कलमधला एक बेडरूमचा फ्लॅट आम्ही दोघांनी पगारातून हप्ते भरून घेतला. ठाण्याला परतल्यावर तो पर्यटकांना द्यायचं ठरलं, तेव्हा टायटल डीड आणि ‘दीवा’चं, म्हणजे तिथल्या वीज-पाणी खात्याचं, बिल अपलोड करून पर्यटन खात्याचा परवाना मीच काढला. २०१३ च्या ४१ क्रमांकाच्या हुकुमापासून तिथे परवान्याशिवाय हॉलिडे होम चालवता येत नाही. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पासपोर्टचा तपशील पोर्टलवर भरायचा, आणि दर बेडरूममागे दर रात्रीचे १० दिऱ्हम ‘टुरिझम दिऱ्हम’ म्हणून पाहुण्याकडून घेऊन सरकारजमा करायचे. घर डिलक्स वर्गातलं असेल तर १५. हे मी कुणाकडून ऐकून लिहिलेलं नाही.

आणि समजा, नसती घेतली वीट? आपल्या सीएचा दुबईत फ्लॅट आहे का, हे विचारून आपण त्याच्याकडे कागद देता का? बाईने कराबद्दल लिहिलं म्हणजे ते ऐकीवच असणार, हा सूर मी नोकरीत पुष्कळ ऐकला. तिथे पोटासाठी गप्प बसले. माझ्या लेखाखाली गप्प बसायचं मला काही कारण नाही.

आता करार. करारात घराच्या उत्पन्नाबद्दल ‘कर लावता येईल’ असे शब्द आहेत, म्हणजे घर जिथे आहे त्या देशाला तो हक्क आहे. याचा अर्थ भारताचा हक्क संपला, असं मानणाऱ्यांच्या हाती एके काळी भक्कम निकाल होता. कुलंदगन चेट्टियार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मलेशियातल्या रबराच्या मळ्यांचं उत्पन्न भारतात करपात्र नाही असं म्हटलं. पण २८ ऑगस्ट २००८ च्या ९१ क्रमांकाच्या अधिसूचनेने त्याच शब्दांचा अर्थ सरकारने ठरवून टाकला: असं उत्पन्न भारतातल्या एकूण उत्पन्नात धरायचं आणि तिकडे कर भरला असेल तर त्याची सूट घ्यायची. दुबईत भाड्यावर इन्कम टॅक्स भरलेलाच नाही, तर सूट कशाची घेणार? तिकडचा शून्य इथे शून्य होत नाही. कराराचा आधार घ्यायचा तर २००४ वर थांबू नये, पुढची चार वर्षंही वाचावीत.

राहिले मेहुणे. ते दुबईतच राहतात, असं आपणच लिहिलंय. म्हणजे ते अनिवासी आहेत आणि त्यांचं दुबईतलं भाडं भारतात करपात्र नाही. ते अगदी बरोबर करतात. उद्या कायमचे परत आले तरी साधारण दोन-तीन वर्षं त्यांना ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ हा दर्जा मिळू शकेल आणि तोवर ते भाडं इथे करमुक्तच राहील. तुम्ही पुण्यात राहता. त्यांचा नियम तुम्हाला कसा लागू होईल?

कर भरण्यापलीकडे शेड्यूल एफए, म्हणजे विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता, आहेच. त्यात फ्लॅटचा पत्ता, घेतल्याची तारीख, गुंतवलेली रक्कम आणि मिळालेलं भाडं भरायचं. हे शेड्यूल ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचं, बाकीचं विवरणपत्र ३१ मार्चचं, त्यामुळे दोन आकडे जुळत नाहीत आणि लोक गडबडून रकाना कोरा सोडतात. २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली त्याला १० लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला त्यातून सवलत मिळाली, पण स्थावर मालमत्ता तिच्यातून स्पष्ट वगळली आहे. भाडं जमा होतं त्या दुबईच्या बँक खात्याची माहिती तर भारताकडे आपोआप येते.

घरभाडं की धंदा, हे सेवा किती देता त्यावर ठरेल. घरभाडं धरलं तर ३० टक्के सरसकट वजावट, धंदा धरला तर प्रत्यक्ष खर्च. तुमचा सीए बघून घेईल, त्यासाठी इथे भांडायला नको.

तुमची प्रतिक्रिया मी काढत नाही. पण तिच्या लगेच खाली हे उत्तर कायम ठेवणार आहे. ‘दाखवायची गरज नाही’ हे वाचून कुणी तो रकाना कोरा सोडला, तर नोटीस त्याच्या पत्त्यावर येईल, तुमच्या नाही.