छत्री, तार आणि भावकीच्या ग्रुपवरचा ‘टाइमबॉम्ब’

कवठेमहांकाळच्या आक्काचा फोन परवा रात्री साडेदहाला आला. आक्का म्हणजे माझी मामेबहीण, वयानं माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. एवढ्या उशिरा ती फोन करते म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे घरात सगळ्यांना माहीत. तिचा नातू साडेचार वर्षांचा. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकातल्या डॉक्टरांनी त्याच्या छातीला स्टेथो लावला, दोनदा ऐकलं आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितलं. इकोत हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला १४ मिलिमीटरचं छिद्र निघालं. मांडीतून नळी घालून छिद्र बुजवणारी तारेच्या जाळीची छत्री बसवायची तारीखही मिळाली. आणि मग भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज आला.

“तारीख पुढं ढकललीया बघ,” आक्का म्हणाली. “तू त्यातलाच माणूस. खरं काय ते सांग.”

मी डॉक्टर नाही. मिरजेत कॅथलॅबमध्ये, म्हणजे अशी नळी घालून हृदयावर उपचार करतात त्या खोलीत, तंत्रज्ञ म्हणून बरीच वर्षं काढली. छत्रीच्या खोक्यावरचा नंबर रजिस्टरात उतरवणारा, मॉनिटरवर मापं घेऊन देणारा माणूस. पण तो मेसेज वाचला आणि झोप उडाली. सगळाच खोटा असता तर सोडून दिला असता. त्यातल्या जवळपास प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एक तुकडा आहे, आणि तो भलत्याच जागी चिकटवलाय.

मेसेज थोडक्यात असा: ‘सावधान! मुलांच्या हृदयात बसवतात ती स्प्रिंगची छत्री म्हणजे टाइमबॉम्ब. ती रक्तात गंजते, निकेलचं विष पसरतं. मूल वाढतं, छत्री वाढत नाही, म्हणून दर पाच वर्षांनी बदलावी लागते. ती सुटून मेंदूत जाते. एमआरआयच्या मशीनमध्ये लोहचुंबक तिला खेचून बाहेर काढतं. खरं तर छिद्र वयाबरोबर आपोआप भरतं, डॉक्टर लपवतात. मणक्यातही असाच फुगा फुगवून ठेवतात, तो फुटला की लकवा. दहा ग्रुपवर पाठवा.’

आधी गंजण्याचं बघू, कारण आक्काला सगळ्यात जास्त तेच पटलं होतं. तिच्या शेतात द्राक्षबाग आहे. मांडवाची तार दोन पावसाळ्यांत कशी होते, ते तिनं पाहिलंय. ती तार एकदा वाकवली की वाकलेलीच राहते, हेही तिला ठाऊक आहे. छत्रीची तार या दोन्ही बाबतींत वेगळी. निकेल आणि टायटॅनियम जवळपास निम्मे-निम्मे घेऊन केलेला हा मिश्रधातू, नाव नितिनॉल. १९५९ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर हे क्षेपणास्त्राच्या टोकासाठी उष्णता सोसणारा धातू शोधत होते, तेव्हा तो हाती लागला. निकेल, टायटॅनियम आणि त्या प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरं जोडून नाव पडलं. साधं पोलाद एक टक्कासुद्धा ताणलं नाही तोच कायमचं वाकतं. नितिनॉल आठ टक्क्यांच्या आसपास ताणलं तरी सोडल्यावर मूळ आकारात येतं. म्हणून तर त्या तारेच्या जाळीची दोन चकत्यांची छत्री ओढून लांबट करता येते, बॉलपेनच्या रिफिलएवढ्या नळीतून हृदयापर्यंत नेता येते आणि नळीबाहेर आली की ती आपली आपण फुलते. पहिली चकती डाव्या कप्प्यात, दुसरी उजव्यात, मधली बारीक कंबर बरोबर छिद्रात. मी हे कितीतरी वेळा पाहिलंय, पण ती पहिली चकती मॉनिटरवर उमलताना अजूनही मान पुढे होते.

आता गंज. या तारेवर टायटॅनियम ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो धातूला रक्तापासून अलग ठेवतो. थोडं निकेल सुरुवातीला रक्तात उतरतं, हे खरं आहे. मोजूनच पाहिलेलं आहे. पहिल्या महिन्याच्या सुमारास प्रमाण थोडं वाढतं आणि पुढच्या महिन्यांत पूर्वीच्या पातळीवर येतं. तसं निकेल तूरडाळीतही असतं आणि आक्काच्या शेंगदाण्याच्या कुटातही. खरा प्रश्न ॲलर्जीचा. खोटे कानातले घातले की कान चिघळतो, घड्याळाच्या पट्ट्याखाली पुरळ येतं, अशा माणसानं ते डॉक्टरांना आधी सांगावं. वर प्लॅटिनमचा थर दिलेल्या छत्र्याही मिळतात. मेसेज लिहिणाऱ्यानं एवढी एक ओळ घातली असती तर कुणाला उपयोग झाला असता. पण ‘पुरळाची चौकशी करा’ असा मेसेज कोण पुढं पाठवणार!

‘मूल वाढतं, छत्री वाढत नाही.’ पटण्यासारखं वाक्य आहे. शाळेच्या बुटासारखी छत्री लहान पडणार, असं वाटतं खरं. पण छत्रीचं काम छिद्राशी आहे. चकत्यांच्या आत पॉलिएस्टरचं कापड शिवलेलं असतं. त्यावर पेशी जमतात, आणि तीन ते सहा महिन्यांत हृदयाचंच अस्तर त्यावरून चढतं. भिंतीत खिळा ठोकून वर गिलावा केला, तसं. पुढं हृदय वाढतं ते तिच्या भोवतीनं. पाच वर्षांनी बदलायचा प्रश्न येत नाही.

लहान आकाराची अडचण उलट बाजूनं येते. चकत्या छिद्रापेक्षा मोठ्या असतात. अगदी तान्ह्या मुलाच्या पडद्यावर त्या मावत नाहीत, शेजारच्या झडपेला लागतात. म्हणून बाळ ठणठणीत असेल तर डॉक्टर साधारण तीन-चार वर्षांचं, पंधराएक किलोचं होईपर्यंत थांबतात. आक्काच्या नातवाला ‘आत्ताच’ का सांगितलं, त्याचं हे अर्धं उत्तर.

बदलावी लागते ती कृत्रिम झडप. लहानपणी बसवलेली झडप वाढत्या अंगाला पुरत नाही. वाढीचा प्रश्न हाडातही खराच आहे. गुडघ्याजवळच्या हाडाच्या कर्करोगात तो भाग काढून धातूचा सांधा बसवला आणि मूल दहा वर्षांचं असेल, तर दुसरा पाय वाढत जातो आणि हा तेवढाच राहतो. म्हणून त्या मुलांसाठी लांब होणारे सांधे निघाले. आत छोटी मोटर आणि गिअर. पाय एका चुंबकीय कड्यात ठेवायचा, चार मिनिटांत एक मिलिमीटर लांबी वाढते, टाका नाही, भूल नाही. कवटीच्या हाडातली पोकळी भरायला कोमट केल्यावर मऊ होऊन फटीच्या आकारात बसणारे सच्छिद्र पदार्थही प्रयोगशाळांत तपासले जातायत. ते अजून संशोधनातच आहेत, उद्या कुणी ‘हाड उगवणारा स्पंज आला’ म्हणून मेसेज पाठवला तर तोही थोडा दमानं घ्या. मेसेजवाल्यानं झडप, पाय आणि छत्री एकाच पातेल्यात शिजवलंय.

‘सुटून मेंदूत जाते.’ इथं मी हात झटकणार नाही. छत्री सुटते. शंभरात एखादी, बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत. सुटली की ती बहुधा उजव्या बाजूनं फुप्फुसाच्या धमनीकडे जाते, कधी डाव्या बाजूनं महाधमनीत. तिथून फासासारख्या तारेनं पकडून काढतात, नाही जमलं तर ऑपरेशन करून. म्हणूनच हे काम हृदयशल्यचिकित्सक हाकेच्या अंतरावर असतील तिथंच करायचं असतं. घरच्यांनी तारीख घेताना हे जरूर विचारावं. विचारल्याचा कुणाला राग येत असेल तर येऊ द्या.

पण सुटू नये म्हणून काय करतात, ते मेसेजात नाही. छत्री एका लांब तारेच्या टोकाला आट्यांनी बसवलेली असते. ती फुलली तरी तार सोडत नाहीत. आधी इकोवर चारी बाजूंनी काठ पकडलाय का, झडप मोकळी आहे का, ते पाहतात. मग ती तार चक्क मागंपुढं हलवतात, ओढून बघतात, आपण बैलाची दावण ओढून बघतो तशी. मनासारखं बसलं नाही तर छत्री परत नळीत ओढून घेता येते. आमच्याकडे एकदा तीन वेळा ओढून घेतली आणि शेवटी छत्री न बसवताच केस संपवली, कारण एका बाजूचा काठ फार तोकडा होता. ते मूल पुढं ऑपरेशनला गेलं. घरच्यांना वाटलं डॉक्टरांना जमलं नाही. माझ्या मते त्या दिवशीचा तो सगळ्यात चांगला निर्णय होता. आटे उलटे फिरवून तार मोकळी करतात ते सगळ्यात शेवटी.

मेसेजात मेंदूची गोष्ट कुठून आली, तेही सांगतो. नव्या छत्रीवर अस्तर चढेपर्यंत रक्ताची बारीक गुठळी धरू शकते, आणि गुठळी मेंदूकडे जाऊ शकते. त्यासाठीच साधारण सहा महिने ॲस्पिरिनची गोळी असते. मेसेज वाचून घाबरलेली माणसं ‘एवढ्या लहान पोराला रोज गोळी कशाला’ म्हणून नेमकी तीच बंद करतात! याच सहा महिन्यांत दात काढायचा झाला तर आधी अँटिबायोटिक लागतं, हेही दाताच्या डॉक्टरांना सांगायचं असतं.

आणखी एक गोष्ट मेसेजात नाही, ती मीच सांगतो, कारण लपवाछपवीचा आरोप आमच्यावर आहे. क्वचित, हजारांत एक ते तीन जणांत, चकतीची कड हृदयाच्या भिंतीला घासून भोक पाडते. बहुतेकदा पहिल्या काही दिवसांत, पण काहींना वर्षांनंतरही. छातीत दुखणं, धाप, चक्कर आली तर ‘पित्त झालं असेल’ म्हणत बसायचं नाही, त्याच दिवशी इको करायचा. ठरलेल्या तपासण्यांना म्हणून जायचं असतं.

एमआरआयचं दोन ओळींत. नितिनॉल लोखंडासारखं चुंबकाला चिकटत नाही. या छत्र्या ठरावीक अटींवर एमआरआयला चालतात. छत्रीबरोबर एक कार्ड मिळतं, ते आधार कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटातच ठेवा आणि मशीनवाल्याला दाखवा.

आता सगळ्यात घातक वाक्य: ‘छिद्र आपोआप भरतं.’ भरतं की! तान्ह्या बाळाचं चार-पाच मिलिमीटरचं छिद्र पुष्कळदा भरतं. खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याच्या स्नायूतली बारीक छिद्रंही बऱ्याचदा मिटतात. डॉक्टर हे लपवत नाहीत, म्हणून तर ‘सहा महिन्यांनी परत इको करा’ सांगून घरी पाठवतात. पण वरच्या पडद्याचं आठ मिलिमीटरच्या पुढचं छिद्र क्वचितच मिटतं. साडेचार वर्षांच्या पोराचं १४ मिलिमीटरचं छिद्र देवाच्या भरवशावर सोडायचं नसतं.

या छिद्राची खोड अशी की ते दुखत नाही. मूल निळं पडत नाही, खेळतं, उसाच्या फडात पळतं. डाव्या कप्प्यातला दाब थोडा जास्त, म्हणून शुद्ध रक्ताचा काही भाग छिद्रातून परत उजवीकडे आणि तिथून पुन्हा फुप्फुसात फिरत राहतो. एकाच सरीला दोनदा पाणी. उजवी बाजू फुगत जाते. तिशी-चाळिशीत जिना चढताना धाप लागते, ठोके चुकायला लागतात. काहींच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या त्या भारानं जाड होतात, दाब चढतो, आणि एक वेळ अशी येते की अशुद्ध रक्त उलट डावीकडे वाहायला लागतं. मग छिद्र बंदही करता येत नाही, कारण तेव्हा तेच हृदयाचा भार हलका करत असतं. बाळंतपणात धाप लागली म्हणून तपासलेल्या आणि तेव्हा पहिल्यांदा छिद्र समजलेल्या बायका आमच्या टेबलावर आलेल्या आहेत. त्यातल्या एकीला छत्री न बसवताच परत पाठवावं लागलं. तिचा चेहरा मी विसरलेलो नाही. तारीख पुढं ढकलायची किंमत ही.

आणि प्रत्येक छिद्राला छत्री बसतेच असंही नाही. पडद्याच्या मध्यावरचं, भोवती पुरेसा काठ असलेलं छिद्र छत्रीला योग्य. झडपेला लागून किंवा महाशिरेच्या तोंडाशी असेल तर ऑपरेशनच. ‘छत्री नाही बसणार’ म्हणणारे डॉक्टर कापायला टपलेले नसतात. ‘छत्री बसेल’ म्हणणारे धंदा करत असतात असंही नाही. अंगणवाडीत पथक पाठवणारी मुलांच्या तपासणीची ती सरकारी मोहीम २०१३ साली सुरू झाली ती आपल्याच राज्यात, पालघरला. जन्मजात हृदयदोषांवरचे उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही आहेत. आक्काच्या नातवाचा खर्च त्यातूनच मंजूर झालाय. धंद्याचा आरोप निदान तिच्या बाबतीत तरी कुणी करू नये.

राहिला मणक्यातला फुगा. ठिसूळ हाडांच्या म्हातारीचा मणका दबला तर पाठीतून सुईसारखी नळी घालून मणक्यात फुगा फुगवतात. दबलेलं हाड थोडं उचललं जातं, पोकळी होते. मग फुगा रिकामा करून बाहेर काढतात आणि पोकळीत हाडाचं सिमेंट भरतात. फुगा आत राहतच नाही, तर फुटणार कुठला? दुसऱ्या एका प्रकारात मोटारीच्या जॅकसारखा उघडणारा टायटॅनियमचा तुकडा आत ठेवतात, त्यात हवा नसते. सिमेंट बाहेर झिरपून मज्जातंतूला लागण्याचा धोका मात्र असतो. आणि इथं मेसेजवाल्यापेक्षा मीच जास्त शंका काढीन. फुग्याशिवाय नुसतं सिमेंट भरण्याच्या उपचाराची २००९ साली दोन चाचण्यांत लुटुपुटीच्या उपचाराशी तुलना झाली, तेव्हा वेदनेत फरक दिसला नाही. पुष्कळ दबलेले मणके औषधं, पट्टा आणि दोन-तीन महिन्यांच्या सबुरीनं भरून येतात. तेव्हा म्हातारीला लगेच टेबलावर घ्यायचं म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या. मणक्याला थांबलं तर बहुधा चालतं. आक्काच्या नातवाच्या छिद्राचं तसं नाही.

एवढं सगळं मी आक्काला फोनवर सांगितलं, तर बारा वाजले. तिनं दुसऱ्या दिवशी नवी तारीख मागून घेतली. मग मी ग्रुपवर वर-वर जाऊन पाहिलं, मेसेज टाकला कुणी. तासगावचा आमचा चुलतभाऊ. दोन वर्षांपूर्वी त्याच्याच हृदयात फुग्यानं फुलवलेली स्टेंट, म्हणजे धातूच्या जाळीची नळी, बसलीय, आणि रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो.

फोन लावला. म्हणाला, “मी कुठं वाचलाय राव, नुसता पुढं ढकलला.”