तीन मजल्यांचा दाब

नळी कापली. विचारलं नाही, सांगितलं नाही. स्वयंपाकघरातून कोथिंबिरीची कात्री आणली आणि माझी दहा फुटी बिअरची नळी तीन फुटांवर आणून ठेवली. वर मलाच म्हणतात, "किती पायात येत होती! आता बघा कसं सुटसुटीत झालं."

हे गृहस्थ, म्हणजे काका, माझ्या मित्राचे सासरे. सांगलीचे. पाणीपुरवठा खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले आणि सध्या शिकागोजवळ लेकीकडे मुक्कामाला. शर्टाच्या खिशात पेन आणि पेनाशेजारी टेस्टर. अमेरिकेत टेस्टर कशाला, असं विचारायची सोय नाही, कारण त्या टेस्टरने त्यांनी आल्याआल्या जावयाच्या घरातली सगळी सैल दारं घट्ट केली आहेत. त्या दिवशी मित्राच्या अंगणात पार्टी होती, बिअर माझी, आणि मी बर्फाच्या पिशव्या आणायला गाडीपर्यंत गेलो होतो. तेवढ्या वेळात हा कार्यक्रम उरकला.

आणि कामात खोट काढायला जागा नाही, हा खरा त्रास. नळीचं कापलेलं तोंड त्यांनी चहाच्या आधणात बुडवून मऊ केलं, तोटीच्या शेपटीवर शेवटच्या खाचेपर्यंत चढवलं, वर क्लॅम्प बसवून टेस्टरने आवळला. थेंब गळत नव्हता. गरम पाण्यात नळी मऊ करायची ही युक्ती होमब्रूअर, म्हणजे घरी बिअर करणारे लोक, एकमेकांना गुरुमंत्रासारखी देतात. काकांना ती उपजत होती. फक्त आधणात आलं होतं.

तर मी घरी बिअर करतो. पाच गॅलनच्या, म्हणजे साधारण १९ लिटरच्या, स्टीलच्या उंच केगमध्ये, म्हणजे पिंपात, भरतो. हे केग मुळात कोला कंपन्यांचे. पेप्सीवाल्यांची जोडणी एका तऱ्हेची, कोकवाल्यांची दुसऱ्या. पुढे दोघेही खोक्यातल्या पिशव्यांतून सिरप पाठवू लागले, केग भंगारात निघाले आणि आमच्यासारख्यांच्या गॅरेजमध्ये आले. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर एका बाजूला, बिअरची नळी दुसऱ्या बाजूला. घरच्या फ्रिजला नीट नळ आहे. पण केग बाहेर न्यायचा म्हटलं की नळीच्या टोकाला हातात धरायची ती काळी प्लास्टिकची तोटी येते. तिला पिकनिक टॅप म्हणतात, कोणी कॉब्रा टॅप म्हणतात. अंगठ्याने खटका दाबायचा, बिअर येते. सोडला, बंद.

माझं म्हणणं एवढंच आहे की या जगात न्याय नाही. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, तासभर ६७ अंशांवर सांभाळायचं, त्याचं पाणी उकळायचं, हॉप्सची कडू फुलं घड्याळ लावून टाकायची, यीस्टला उकडू नये म्हणून तळघरात नेऊन ठेवायचं, सव्वा महिना बायकोचं "अजून किती दिवस तो वास?" ऐकून घ्यायचं, आणि शेवटी तुमची लायकी ठरवणार कोण? पाच-सहा डॉलरची तोटी आणि तिच्या मागची नळी. लोक बिअरला नावं ठेवतात तेव्हा निम्म्या वेळा नळीला ठेवत असतात. त्यांना ते ठाऊक नसतं, आणि आपण सांगायला गेलं की सबब वाटते.

पहिला ग्लास भरला. पाऊण फेस. दुसरा, तसाच. तिसरा पाहुण्यांपैकी एकाने स्वतः भरला, घाबरत घाबरत खटका अर्धा दाबून. अर्धा दाबला की आणखी फेस होतो. खटका पूर्ण दाबायचा असतो, हे मी ओरडून सांगत होतो. पण समोर नवीन यंत्र आलं की आपला माणूस ते हळूच दाबतो. मोडलं तर आपल्यावर नको. पाच मिनिटांत टेबलावर फेसाचे ग्लास ओळीने उभे राहिले. काकांनी एक उचलला, उजेडात धरला आणि म्हणाले, "आमच्या स्टँडवरचा रसवाला बरा. तो निदान फेस बसल्यावर वरून परत भरून देतो."

मी शक्य तितक्या सौम्यपणे म्हणालो, "काका, फेस नळीमुळे होतोय. तुम्ही नळी का कापलीत?"

"हेड लॉस," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? लांबी वाढली की घर्षणात दाब मरतो. तुमचा दाब किती?"

"बारा पीएसआय."

"मीटरमध्ये सांगा."

मीटरमध्ये बिअर कोण मोजतं! मी फोन काढेपर्यंत काकांचा तोंडी हिशेब झालासुद्धा. "एक पीएसआय म्हणजे सत्तर सेंटिमीटर पाणी. बारा सत्ते चौऱ्याऐंशी. आठ मीटर चाळीस. अहो, तीन मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचा दाब आहे हा! आणि तो तुम्ही या एवढ्याशा नळीत फुकट घालवत होतात."

"फुकट नाही काका. तो घालवायचाच असतो."

काकांनी ग्लास खाली ठेवला. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या सेवापुस्तिकेवर शाई सांडली. "घालवायचा असतो? उभा जन्म गेला माझा हेड लॉस वाचवण्यात. एकेका मीटरसाठी ठेकेदारांशी भांडलो. शेवटच्या वाडीला पाणी चढावं म्हणून दोन-दोनदा सर्व्हे केला. आणि तुम्ही म्हणता मुद्दाम घालवायचा?"

"हो. म्हणूनच दहा फूट नळी घेतली होती. विकत."

मग भर उन्हात, ग्रिलवर कणसं करपत असताना, मी त्यांना समजावलं. बारा पीएसआय बिअर ढकलण्यासाठी नसतात. तीन-चार अंशांवरच्या बिअरमध्ये गॅस विरघळलेला राहावा यासाठी असतात. एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटरच्या आसपास गॅस कोंबलेला असतो. तो नळीतून येताना दाब हळूहळू उतरला तर गॅस बिअरमध्येच बसून राहतो. नळी आखूड असली की बिअर धावत येते, तोटीशी दाब एकदम पडतो आणि गॅस जिवाच्या आकांताने बाहेर पडतो. तीन-सोळांश इंची व्हिनाइलची नळी असेल तर दहा फूट धरून चालायचं. दुकानात तोटीबरोबर जोडून मिळते ती मात्र तीन-चार फुटी. कारण ही तोटी जन्माला आली हातपंपाच्या पार्टी केगसाठी. तिथे दाबच बेताचा. आम्हाला ती तशीच विकतात आणि पुढची नळी वेगळी विकतात. यावर मी एकदा सविस्तर बोलणार आहे, पण ऐकायला कोणी थांबत नाही.

काका थांबले. ऐकलं. आणि त्यांचे डोळे चमकले, ते मला अजिबात आवडलं नाही. "म्हणजे तुम्हाला नळीचा अडसर पाहिजे," ते म्हणाले. "मग लांबी कशाला? व्यास कमी करा! अडसर व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. पाव इंची नळी घेतलीत तर अडसर चौपट घटेल. बारीक घेतलीत की तसाच झपाट्याने वाढेल. डार्सी-वाइसबाखचं सूत्र. कॉलेजात नव्हतं का तुम्हाला?"

मी कॉमर्सचा. पण काका बरोबर बोलत होते, हे सांगणं भाग आहे. चार मिलिमीटरची नवी कडक नळी बाजारात आली आहे, ती बरीच कमी लांबीत तेच काम करते, हवा कमी आत घेते आणि वासही कमी धरते. फक्त तिला वेगळे जोड लागतात, त्या जोडांना वेगळे वॉशर, आणि या सगळ्याला आमच्या घरात "खेळणी" म्हणतात.

"बरं, आजचं काय?" मित्राने विचारलं. जावई या नात्याने तो इतका वेळ कणसं परतण्यात गुंग असल्याचं दाखवत होता.

"आज दाब उतरवा की!" काका म्हणाले. केगच्या डोक्यावरची कडी ओढून वरचा गॅस सोडला, रेग्युलेटर चारवर आणला. पुढचा ग्लास भरला, फेस बरोब्बर दोन बोटं. अंगणात टाळ्या. काकांना.

आता हे खरं आहे की दुपारपुरता दाब उतरवून काम भागतं. मीही तेच करणार होतो, काका बोलले नसते तर आणखी अर्ध्या मिनिटात. पण चार पीएसआयवर केग ठेवलात तर दोन-तीन दिवसांत बिअर मवाळ होते, हे त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना दिसत नाही. तेव्हा ते घरी असतात. मवाळ बिअर माझ्या फ्रिजमध्ये असते.

पहिला यशस्वी ग्लास घेऊन काका माझ्या शेजारी येऊन बसले. "पीत नाही, फक्त टेस्ट करतो," म्हणत निम्मा संपवला. मग आवाज खाली आणून विचारलं, "परमिट आहे ना?"

"इथे लागत नाही काका. १९७८ साली कार्टरने कायद्यावर सही केली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला शंभर गॅलन, दोन असतील तर दोनशे. विकायची मात्र नाही."

"कार्टर म्हणजे तो शेंगदाण्याची शेती करणारा?"

"तोच."

काकांनी टेबलभर नजर फिरवली. "मग दाणे कुठायत?"

आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने नुसतं प्यायलाही परवाना लागतो, घरी काढायचा तर विचारच नको, हे त्यांनी मला पुढची दहा मिनिटं सांगितलं. मला ते माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट पुन्हा ऐकताना चेहऱ्यावर आणायचा भाव मी अमेरिकेत येऊन विसरलेलो नाही.

"मुतखड्यावर बिअर चांगली म्हणतात," काका पुढे म्हणाले. "मला दोनदा झाला होता. आमच्या गल्लीत सगळ्यांनी हेच सांगितलं. डॉक्टर सोडून."

इथे मला राहवलं नाही. बिअरच्या नळीत कालांतराने खरखरीत राप धरतो, त्याला बिअर स्टोन म्हणतात. तो मुख्यतः कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो. बहुतेक मुतखडेही त्याचेच. बिअरला स्वतःच्या नळीतला खडा निघत नाही, तर तुमचा काय काढणार? नेहमीच्या अल्कली पावडरने तो हलत नाही, मधूनमधून आम्लाने धुवावं लागतं. काकांनी ग्लासाकडे संशयाने पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उरलेला निम्मा संपवला.

नळी धुण्याबद्दल बोलायला लागलो की माझा आवाज चढतो असं घरचे म्हणतात. चढेल नाही तर काय. दर चौदा दिवसांनी नळ्या धुवाव्यात असा जाणत्यांचा सल्ला आहे. आधी क्लीनर फिरवायचा, मग पाणी, मग जंतुनाशक. आणि तोटी! ती बाहेरून दिसते स्वच्छ. वरची टोपी फिरवून काढा, खटका बाजूला करा, आतली दांडी ओढा: स्प्रिंगच्या वेटोळ्यांत आणि रबराच्या कडेला तपकिरी शेवाळ बसलेलं असतं. बोट लावलं तर बुळबुळतं. बिअरला लोण्याचा किंवा आंबूस वास यायला लागला की पाहुणे म्हणतात, "वेगळीच आहे हं चव." खरं म्हणजे ती माझ्या कारागिरीची चव नसते, त्या बुळबुळीत राहणाऱ्या जंतूंची असते. स्टीलची तोटी घेतली की हे कमी होतं म्हणतात. ती महाग, जड, आणि बर्फात ठेवली की बोटं गारठतात. तरी घ्यावी या मताला मी आलो आहे. प्लास्टिकची तोटी फ्रिजमध्ये लोंबत ठेवली, एखाद्या बाटलीने तिचा खटका दाबला आणि सकाळी अख्खा केग फ्रिजच्या तळाशी सापडला, ही कथा या छंदात प्रत्येकाने ऐकलेली असते. सांगताना आवाज मात्र मयताला आल्यासारखा होतो.

व्हिनाइल वास सोडत नाही, हेही सांगून ठेवतो. रूट बिअर, म्हणजे इथलं उग्र वासाचं सोडा-सरबत, एकदा गेली की ती नळी जन्मभर रूट बिअरची. मी मुलांसाठी कोकम सोडा एकदा केगमध्ये केला. ती नळी अजून गुलाबी आहे आणि तिला वेगळा खिळा आहे. त्या दिवशीच्या बिअरला आल्याचा वास येत होता असं माझं ठाम मत आहे. चहाच्या आधणाचा पुरावा समोर असूनही ते कोणी मान्य केलं नाही. उलट कोणीतरी म्हणालं, "काहीतरी छान मसाल्याचं लागतंय, काय घातलंस?" मी नाव घेतलं नाही.

रात्री ग्रुपवर फोटो आले. काका तोटी हातात धरून, अंगठा खटक्यावर, चेहरा उद्घाटनाला शोभेल असा. खाली ओळ: "आमच्या काकांची बिअर!" त्याखाली बदाम, टाळ्या, नारळ. कोणाला नारळ का सुचला देव जाणे. माझा फोटोही आहे. मी पाठमोरा, फेसाच्या ग्लासांवरून माश्या हाकलतोय.

दुसऱ्या दिवशी मी मित्राला फोन केला. म्हटलं, कापलेला सात फुटांचा तुकडा तरी दे, जोडणी लावून पुन्हा वापरीन. तो जरा थांबला. मग म्हणाला, काकांनी पहाटेच त्याला सुईने भोकं पाडून टोमॅटोच्या वाफ्यावर ठिबक बसवलंय, आणि शेवटच्या रोपापर्यंत पाणी व्यवस्थित पोचतंय.

नळी फुटावर विकतात. मी त्याला सात फुटांचं बिल पाठवलं. त्याने अंगठा पाठवला.