घोंगडीला कात्री लावली म्हणून : गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सांगलीतल्या नवोदित डिझायनरांच्या स्पर्धेवर आणि तिथे आटपाडीकडच्या एका मुलीने घोंगडीपासून केलेल्या कोटावर मी लिहिलं, त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. हे कपडे कुणी अंगावर घालणार नाही, मग हा खर्चिक थाट कशाला? दुसरा, आरेवाडीच्या बनात बिरोबापुढे ज्या घोंगडीवर माणसं बसतात तिला कात्री लावणं हा अपमान आहे. आणि तिसरा, 'नातीला ब्लाऊज शिवायला घातलंय, पोटापुरतं मिळेल, हे डिझाईनचं खूळ नको.' तुम्ही तळमळीने लिहिलंय, म्हणून मीही सविस्तर लिहिते.

आधी घोंगडीचं. आटपाडीकडच्या त्या मुलीने घरातली जुनी, पूजेतली घोंगडी फाडलेली नाही. आजीला विचारून, विणकराला सांगून तिने नवी विणून घेतली. हे लेखात लिहायचं राहिलं, ती चूक माझी. ते वाचून तुम्हाला लागलं असेल तर मनापासून माफी मागते.

पण तिने त्या घोंगडीचं काय केलं, ते नीट सांगू द्या. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीच्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. त्या खळीने ती ताठ होते. अशा कापडाचा कोट बेतायचा म्हणजे परीक्षाच. कात्री लागली की कडेचे धागे सुटायला लागतात, आणि कड दुमडून शिवावी तर शिवण बोटाएवढी जाड होते, सुई मोडते. म्हणून तिने कापायचंच कमी केलं. घोंगडीचा मूळचा काठ कोटाच्या पुढच्या उघड्या बाजूला आणला, तिथे दुमड लागलीच नाही. कात्री लागली ती फक्त मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात तिथे, आणि गळ्याला. त्या कडा सुती उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीने आतून बंद केल्या. गळ्याला लोकर टोचते, तर तेवढाच भाग गार पाण्यात भिजवून, चोळून त्यातली खळ काढली आणि तो मऊ केला. खांद्याची खळ मात्र तशीच ठेवली. तिथे कॅनव्हास नाही, पॅड नाही, खळीच्या ताठपणावरच खांदा उभा राहिलाय! मी कोट उलटा करून पाहिला तेव्हा अंगावर काटा आला. घोंगडीचा मान ठेवणं याहून वेगळं काय असतं, गुरुजी?

आता कोण घालणार, हा प्रश्न. आपल्या कुंडलच्या मैदानात पैलवान ढाक लावतो तेव्हा हा डाव बाजारात कुणावर टाकणार, असं आपण विचारतो का? वर्षभराची मेहनत तिथे सगळ्यांसमोर तपासली जाते आणि जाणत्याची नजर त्याच्यावर पडते. स्पर्धेतल्या कपड्याचंही तेच आहे. 1954 मध्ये पॅरिसला लोकरीच्या कपड्यांचीच एक स्पर्धा झाली होती. ड्रेसचं बक्षीस मिळालं ईव्ह सां लोराँला, तो जेमतेम 18 वर्षांचा. कोटाचं मिळालं कार्ल लागरफेल्डला. त्या कोटामुळे पॅरिसचा नामांकित डिझायनर पिएर बाल्मां याने लागरफेल्डला आपल्याकडे कामाला घेतलं. बक्षीस मिळालेले हे दोघंही पुढे जगप्रसिद्ध डिझायनर झाले. त्याच परंपरेतला, लोकरीच्या कपड्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार 2014 मध्ये मिलानला डिझायनर राहुल मिश्रांनी जिंकला, तो मिळवणारे ते पहिले भारतीय. कानपूरजवळच्या खेड्यात वाढलेला माणूस आहे तो. आटपाडीच्या मुलीला मिलान दिसेलच असं मी म्हणत नाही. पण कुणी तिचं काम हातात घेऊन बघण्याची जागा तिला हवी, आणि तिच्या गावात ती जागा नाही.

ब्लाऊजबद्दल माझ्या मनात कणभरही कमीपणा नाही. ही मुलगी स्वतः शाळेपासून ब्लाऊज शिवते. मुंढा बसवायला ती ब्लाऊजवरच शिकली, म्हणून तो कोट अंगाला बसला. फक्त ब्लाऊज शिवताना माप गिऱ्हाइकाचं, गळा गिऱ्हाइकाच्या फोनवरच्या फोटोतला, कापडही त्यांचंच. या स्पर्धेत पहिल्यांदा कापड कुठलं, काठ कुठे आणि कापायचं किती, हे तिने स्वतःच्या डोक्याने ठरवलं. स्टेजवर ती थरथरत होती, पण परीक्षकांनी खांद्याबद्दल विचारल्यावर खळीचं सगळं घडाघडा सांगितलं. तिला तसं बोलताना तिच्या आईनेही आधी कधी ऐकलं नव्हतं.

तुमची एक गोष्ट मात्र शंभर टक्के मान्य. खर्च. प्रवेश फी, मॉडेल, मेकअप, दोन दिवसांचं जाणं-येणं, हे सगळं मुलांच्या खिशातून गेलं. एका मुलाच्या आईने बचत गटातून कर्ज काढलं होतं, आणि बक्षीस म्हणून त्याच्या हाती आलं प्रमाणपत्र. हे मला पाहवलं नाही. आयोजकांना मी पत्र लिहिलंय : फी बंद करा, कापडाच्या खर्चाला सगळ्यांना सारखी मर्यादा घाला, कार्डावर विणकराचं नाव छापा, आणि परीक्षकांना कपडा उलटा करून शिवण बघायला लावा. झगमगाटात आतली शिवण कुणी बघत नाही, आणि खरं काम तर तिथेच असतं. उत्तर अजून आलेलं नाही. मी पुन्हा लिहिणार आहे, तुम्हीही सही करा.

तो कोट फोटो काढायला म्हणून सध्या माझ्याकडे आहे, पुढच्या आठवड्यात परत द्यायचाय. रविवारी दुपारी मी घरीच असते. नातीला घेऊन या. येताना तिने शिवलेला एखादा ब्लाऊजही आणायला सांगा, मला त्याचा मुंढा बघायचाय.