स्कुटारीचे सैनिक दिव्याने वाचले की गटारं धुतल्याने?

12 मे, म्हणजे फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंचा वाढदिवस आणि नर्सेस डे, आला की आमच्या नाशिकरोडच्या नर्सेसच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो, की क्रिमियन युद्धात (ब्रिटन, फ्रान्स, तुर्की विरुद्ध रशिया) बाईंनी रात्री दिवा घेऊन जखमी सैनिकांची सेवा केली आणि नुसत्या सेवेने मृत्यूदर 42 टक्क्यांवरून 2 वर आणला. मीही नर्सच, बाईंबद्दल मनापासून आदर आहे, पण हे असं झालेलं नाही.

आधी ते 'जखमी'. बहुतेक सैनिक जखमांनी नाही तर कॉलरा, हगवण, टायफस असल्या आजारांनी गेले.

मग तारखा बघा ना. बाई 38 नर्सेस घेऊन स्कुटारीला, म्हणजे इस्तंबूलजवळच्या ब्रिटिश लष्करी हॉस्पिटलला, पोचल्या नोव्हेंबर 1854 मधे, आणि ते 42 टक्के आहेत फेब्रुवारी 1855 चे, म्हणजे सेवा सुरू होऊन तीन महिने झाल्यावरचे!

मार्चमधे लंडनहून सॅनिटरी कमिशन, म्हणजे स्वच्छतेसाठी नेमलेली सरकारी समिती, आलं, त्यात डॉक्टर सदरलँड, इंजिनिअर रॉलिन्सन, आणि त्यांना नुसता रिपोर्ट लिहायचा नव्हता, काम सुरू करा आणि संपेपर्यंत रोज लक्ष ठेवा असा हुकूम होता. हॉस्पिटल म्हणजे मुळात तुर्की सैन्याची बराक, खाली मोठाली गटारं, सगळी तुंबलेली, संडासाच्या पाइपांना ट्रॅप (गटारातली हवा अडवणारा, पाणी साचून राहणारा वाकडा भाग) नाही, त्यामुळे वारा सुटला की गटारातली हवा थेट वॉर्डात. त्यांनी गटारं उपसून धुतली, भिंतींना चुना मारला, पहिल्या पंधरवड्यातच 556 हातगाड्या-टोपल्या भरून घाण निघाली. क्रिमियातल्या बालाक्लावाला, जिथे सैन्याचा सगळा माल जहाजातून उतरायचा, तिथलं सडलेलं बंदरही त्यांनीच साफ करून घेतलं. जूनमधे आकडा 2 वर. हिवाळा सरला, गर्दी ओसरली, त्याचाही वाटा आहेच.

एका ताईंनी लिहिलंय, गटाराला श्रेय देणं हा बाईंचा अपमान. ताई, कमिशनने ब्रिटिश सैन्य वाचवलं हे बाईंनी स्वतःच नंतर सांगितलंय, आणि पुढे भारतातल्या छावण्यांमधे ड्रेनेज आणि स्वच्छ पाणी व्हावं म्हणून त्या वर्षानुवर्षं भांडल्या. 1863 च्या रिपोर्टमधे इथल्या ब्रिटिश सैनिकांचा मृत्यूदर हजारी 69 होता, दहा वर्षांत तो 18 वर आला.

माझे वडील ड्रेनेज लाइनवर होते, कामावरून आले की आधी बाहेर नळाखाली आंघोळ, मगच घरात पाय. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर बाईंच्या फोटोखाली एक ओळ त्या गटारं उपसणाऱ्या मजुरांची पण टाका.