मज्जातंतूच्या आत ‘नुसतं पाणी’ नसतं

‘मज्जातंतू म्हणजे विजेची वायर. मायलिनच्या आवरणामुळे ती ताठ राहते, आत नुसतं पाणी असतं,’ असा मजकूर ग्रुपांवर फिरतोय. मायलिनमुळे संदेशाचा वेग वाढतो, हे खरं. पण वेदना पोचवणाऱ्या असंख्य बारीक तंतूंवर मायलिन नसतंच, तरी त्यांचा आकार टिकतो.

तो टिकवतो आतला प्रथिनांचा सांगाडा. लांबीच्या दिशेने सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाच्या सूक्ष्मनलिका असतात. मालवाहतूकही त्यांच्यावरूनच चालते. सोबत न्यूरोफिलामेंटचे धागे. तंतूची जाडी बरीचशी त्यांच्यावर ठरते. जपानी लावा पक्ष्यांच्या एका वाणात हे धागे बनतच नाहीत. त्यांचे तंतू बारीक राहतात, संदेश रेंगाळतो, पक्षी थरथरतात. तंतूच्या बाहेरच्या पातळ पटलाखाली साधारण दर १९० नॅनोमीटरवर ॲक्टिन या प्रथिनाचं कडं आणि कड्यांना जोडणारं स्पेक्ट्रिन हे लवचीक प्रथिन असतं. ही रचना २०१३ मध्येच दिसली. स्पेक्ट्रिन नसलेल्या सूत्रकृमीचे तंतू नुसत्या वळवळीने तुटतात.

मग ‘नुसतं पाणी’ ही समजूत कुठून आली असावी? माकूळ (स्क्विड) या समुद्री प्राण्याच्या जाड तंतूतला गर रुळाने पिळून काढून आत क्षारांचं द्रावण भरलं, तरी संदेश धावतो, असं १९६१ मध्ये दिसलं होतं. कारण संदेश धावतो पटलावरून. पण तो पिळलेला गर ओघळत नाही हो! टूथपेस्टसारखा बाहेर येतो आणि कांडीसारखा पडून राहतो.